आत्याबाईच्या झाकणावरच्या रेघा

तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नव्हे, घाईत नव्हे. टेबलाशी नीट बसून, पंख्याखाली, अहवालाच्या चौथ्या पानावर लिहिलंत. खाली सही ठोकलीत, सहीवर शिक्का मारलात आणि चहाला गेलात. त्या एका ओळीनं एका माणसाचा उजवा हात सव्वीस वर्षं त्याच्याच मनातून उतरला. सही करणाऱ्यांतले काही निवृत्त झाले, काही वर गेले. वरच्या खुर्चीत म्हणा नाहीतर कायमचे म्हणा. पण अग्निशमन दल तेच आहे, शिक्का तोच आहे. म्हणून हे तुम्हालाच ऐकवायचं आहे.

गोष्ट एका ट्रकची. जन्मानं तो लष्करी. चिखलात रुतलेले रणगाडे ओढून काढायला बांधलेला, तीन आसांचा, दहा टायरांचा, पाठीवर क्रेन आणि केबिनमागे विंच. विंच म्हणजे पोलादी दोराचं मोठं रीळ. इंजिनाच्या ताकदीनं ते दोर गुंडाळतं आणि आतला ब्रेकचा पट्टा ओढलेलं वजन मागे सुटू देत नाही. लष्कराचं काम सरल्यावर हे धूड अग्निशमन दलाकडे आलं. कोसळलेल्या भिंती, दरीत गेलेल्या बसगाड्या, विहिरीत पडलेले पंप, जे जे माणसाच्या हातून हलत नाही ते ते त्यानं हलवलं. जवानांनी त्याचं नाव ठेवलं आत्याबाई. कारण विचाराल तर सांगायचे, "येते उशिरा, ओरडते फार, पण आली की सगळ्यांना कामाला लावते आणि निस्तरल्याशिवाय घरी जात नाही."

या आत्याबाईची विंच एका माणसाच्या हाताखाली होती. चालवायचाही तोच, तिचे नट आवळायचाही तोच. त्याला सगळे विंचवाला म्हणत. खटक्यावर त्याचा हात असला की दोर अंडं उचलल्यासारखा चाले. मग एके दिवशी कालव्यात घसरलेला टँकर वर ओढताना अर्ध्या चढावर दोर सुटला, टँकर मागे आला आणि खाली पाचर लावत असलेल्या एका जवानाचा पाय गुडघ्याखाली चिरडला. चौकशी बसली. चौथ्या पानावर लिहिलं गेलं: "विंचचे झाकण उघडून तपासणी केली. आतील सर्व भाग निर्दोष. चालकाने खटका अवेळी सोडला."

विंचवाल्यानं एकदाच तोंड उघडलं होतं. "पट्टा झिजलाय, तीनदा सांगितलं होतं," एवढंच तो बोलला. समोरून अहवाल पुढे सरकवण्यात आला. उघडून बघितलं म्हणतायत! मग काय बोलणार? ज्यानं यंत्र उघडून बघितलं त्याचं खरं, या नियमावर तो वाढला होता. म्हणजे आपलाच हात चुकला असणार. उरलेली अकरा वर्षं त्याला होज वाळवायच्या मनोऱ्यावर टाकलं. आगीवर पाणी मारून ओले झालेले कापडी पाइप दोरीनं वर चढवायचे, वाळले की उतरवायचे. दलातल्या सगळ्यात तरबेज हाताला तुम्ही धोब्याचं काम दिलंत.

त्याची थोरली मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आज तिचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि अख्खा रस्ता तिला मिस्त्रीणबाई म्हणतो. एका भंगारवाल्याच्या अंगणात, गॅसकटर पेटवलेला असताना, तिनं आत्याबाईला ओळखलं. त्याच्या दोन गाड्यांची इंजिनं बांधून द्यायच्या बोलीवर तिनं ते धूड ओढून घरामागच्या शेडमध्ये आणलं.

बाबांनी दारातून एकदा बघितलं. "कशाला आणलीस ही?" म्हणाले आणि आत जाऊन पाठ करून बसले.

तिनं कारण सांगितलं नाही. कारण असं होतं की बाबा चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं धरायचे. उजव्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता आणि तिला तो परत आणायचा होता. तो या गाडीतूनच गेला होता, दुसरीकडे कुठे शोधणार?

मदतीला आला तो रंगारी. हा कोण? ज्याचा पाय गेला तोच. दलातून बाहेर पडल्यावर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवून संसार ओढला. स्वतःला तो दीडपाया म्हणवतो आणि दुसऱ्या कुणी तसं म्हटलं तर काठी उगारतो.

"पोरी, रंग कुठला द्यायचा?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं. "आत्याबाईला माहेरचा हिरवा की सासरचा लाल?"

"तुम्हीच सांगा, काका."

"माहेरी नऊ वर्षं, सासरी एकतीस. बाईनं जिथं राबून हाडं झिजवली तिथलाच रंग. लाल."

काम सुरू झालं. इंजिन गच्च जाम होतं. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल ओतून नऊ दिवस वाट बघितली. दहाव्या दिवशी लांब दांडीवर लोंबकळल्यावर ते बोटभर हललं, आणि मिस्त्रीणबाई एकटीच शेडमध्ये नाचली. रेडिएटरमध्ये चिमण्यांचं घरटं निघालं. ब्रेकच्या नळ्या हातानं वाकवल्या. मागच्या फळ्या किडीनं पोखरल्या होत्या, त्या नव्या बसवल्या. न मिळणारे तीन दातेरी गिअर तिनं लेथवर स्वतः कापले. पहिला फेकून द्यावा लागला, दुसराही. तिसरा बसला तेव्हा असा बसला की जणू तिथंच जन्मला होता.

इंजिन सुरू झालं खरं, पण खोकायला लागलं. दोन दिवस ती झटत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मागून आवाज आला.

"व्हॉल्व्हची गॅप बघ. चौथ्याची."

बाबा दारात उभे होते. तिनं चौथा व्हॉल्व्ह सैल केला आणि आत्याबाईनं खोकणं सोडून घुमायला सुरुवात केली.

"बघितलंस?" रंगारी तिला डोळा मारत म्हणाला. "नवरा रुसला तरी बायकोची ढेकर ओळखतो."

"तू गप रे, दीडपाया," बाबा म्हणाले. काठी काही उगारली गेली नाही.

त्यानंतर ते रोज येऊ लागले. बसून सांगायचे, शिव्या द्यायचे, मुलीनं आवळलेला बोल्ट तपासून "हं" म्हणायचे. पण केबिनच्या मागच्या बाजूला पाऊल टाकायचे नाहीत. विंच तिथं होती. म्हणून विंच शेवटी राहिली.

आणि इथंच घोटाळा झाला असता. ज्यांना चकचकीत करायची हौस असते त्यांच्याच हातून होणारा घोटाळा. रंगारी स्टुलावर बसला, लाकडी पाय पुढे ताणला आणि पॉलिश पेपर घेऊन विंचच्या झाकणावर तुटून पडला. झाकणाला दहा नट. गाडी भंगारात काढण्याआधी दलानं कुठल्याशा नियमाखातर तिच्यावर सरसकट लाल रंग फवारला होता. मरणाऱ्याला नवं धोतर. तो थर निघायला लागला. पहिल्या नटावर खाली निळसर काहीतरी दिसलं, रंगाऱ्यानं तेही घासून लखलखीत केलं. दुसरा नट. तिथंही निळं. तेही गेलं.

"कुणी निळा फासलाय की काय," तो पुटपुटला.

मिस्त्रीणबाई रॉकेलचा डबा घेऊन चालली होती. ती थबकली, तिसऱ्या नटाकडे बघितलं आणि डबा टाकून तिनं रंगाऱ्याचा हात पकडला.

"काका, थांबा! हात लावू नका!"

"काय झालं? साप आहे?"

"रेघ आहे."

ती रेघ तिला चांगली ठाऊक होती, कारण तिच्या गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर ती असते. दलाच्या जुन्या कारखान्याची पद्धतच तशी. नट शेवटचा आवळला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ दुभंगते. आणि प्रत्येक मिस्त्रीचा रंग वेगळा, म्हणजे कुणी आवळलं ते लांबून कळतं. निळा रंग बाबांचा होता, दुसऱ्या कुणाचाच नाही.

तिनं बोटावर थिनर घेतलं आणि लाल थर हळूहळू पुसला. तिसरा, चौथा, पाचवा... दहाव्यापर्यंत. आठ नट, आठ रेघा. एकही तुटलेली नाही.

"बाबा," तिनं हाक मारली. "इकडे या."

"मी त्या बाजूला येत नाही, तुला माहीत आहे."

"या म्हणते ना!"

ते आले. चष्मा लावला, वाकले. एकेक नट बोटानं मोजला. सातव्यावर बोट थांबलं. त्या रेघेत ब्रशचा एक केस अडकून सुकला होता, अर्धा नटावर, अर्धा झाकणावर, मध्ये अखंड.

"हा माझ्या दाढीच्या ब्रशचा," ते सावकाश म्हणाले. "जुना झाला की रेघा ओढायला न्यायचो. तुझी आई ओरडायची, ब्रश जातात कुठे म्हणून." मग: "अपघाताच्या आदल्या महिन्यात आवळलेत हे. नंतर मला गाडीजवळ फिरकूही दिलं नाही."

"म्हणजे?" रंगाऱ्यानं विचारलं, पण त्यालाही कळलं होतं.

"म्हणजे उघडलीच नाही. कुणीच नाही. कधीच नाही."

रंगाऱ्यानं हातातल्या पॉलिश पेपरकडे बघितलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारली. "आणि मी गाढव, दोन पुसल्या रे!"

"तुझा एक गेला तरी चालतोयस ना?" बाबा म्हणाले. "आठ पुष्कळ झाल्या."

आणि ते हसले. इतक्या वर्षांनी हसताना माणूस कसा दिसतो, तर गंज निघालेल्या बिजागरीसारखा, आधी कुरकुरतो आणि मग सुटतो. हसता हसता त्यांनी उजवा हात उघडला, उलटा केला, सुलटा केला.

मिस्त्रीणबाईनं पाना उचलला होता. "उघडून बघते. पट्टा झिजलेलाच असणार."

"खबरदार!" बाबा गरजले. "तू उघडलंस तर ते म्हणतील, तुम्हीच झिजलेला घातलात. ज्यांनी उघडली असं लिहिलं, त्यांनीच उघडायची."

म्हणून आत्याबाई सजली, पण ते झाकण तसंच राहिलं. बाकी गाडी अशी की लाल अंगात ढग दिसावेत. पितळी घंटा, हाताचा भोंगा, नवा पोलादी दोर, दारावर रंगाऱ्यानं फूटपट्टीशिवाय ओढलेली सोनेरी अक्षरं. विंचचा खटका मात्र बाबांनी कुणाला घासू दिला नाही. स्वतः घासला, उजव्या हातानं, चार दिवस.

बातमी दलापर्यंत गेली आणि तुमचं पत्र आलं. आपण जतन केलेले वाहन दलाच्या नव्या इमारतीच्या दारात शोभेसाठी मिळावे, वगैरे. मिस्त्रीणबाईनं एका ओळीत उत्तर पाठवलं: सोमवारी सकाळी दहाला गाडी घेऊन येतो, एक काम आहे.

सोमवारी ती स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, मागच्या फळ्यांवर काठीसकट रंगारी. चौकात वाहतूक आपोआप थांबली. बसमधल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. एका म्हाताऱ्यानं फुटपाथवर ताठ उभं राहून सलाम ठोकला. कोण होता, कुणालाच कळलं नाही. बाबा समोर बघत होते. पण त्यांची फुगलेली छाती तिला दिसत होती, आणि वळणावर घंटा त्यांनी गरज नसताना दोनदा वाजवली.

दलाच्या अंगणात जवान धावत बाहेर आले. तरणी पोरं, सगळ्यांच्याच जन्माआधीची गाडी. कुणी टायरला हात लावला, कुणी क्रेनला. साहेब पायऱ्या उतरले, खूष दिसले. फेरी मारली आणि विंचपाशी थांबले.

"अप्रतिम काम, बाई. एवढं झाकण तेवढं राहून गेलं वाटतं?"

"राहून नाही गेलं, साहेब. राखून ठेवलंय."

तिनं खिशातून, बाबांना तेव्हा मिळालेल्या प्रतीतलं, अहवालाचं चौथं पान काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मग रेघा दाखवल्या. तरण्या जवानांना समजवावं लागलं नाही. त्यांच्या कारखान्यात आजही रेघा ओढतात. पोरं वाकून एकेक रेघ बघू लागली.

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा, तेव्हा मी नोकरीतसुद्धा नव्हतो."

"तुम्ही नव्हता. तुमचा शिक्का होता."

"आणि दोन नटांवर तर रेघा नाहीतच."

"त्या मी पुसल्या," मागून रंगारी म्हणाला. "उरलेल्या पायाची शपथ घेऊन लिहून देतो. आणि साहेब, दोनच नट सैल करून झाकण उघडत असेल तर मलाही शिकवा, जादूचे प्रयोग लावीन."

एक जवान फिसकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "तुम्ही रीतसर लेखी अर्ज द्या. जुनं प्रकरण आहे, फाईल शोधावी लागेल."

तेव्हा बाबा केबिनमधून उतरले. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. हातात पाना होता, उजव्या. ते साहेबांच्या समोर आले आणि पाना पुढे धरला. 

"साहेब, सव्वीस वर्षं मी बोललो नाही, कारण तुमचं लिहिलेलं मी खरं मानलं. आता हे दहा नट, हा पाना आणि हे सगळे साक्षीदार. उघडा तुम्हीच. आत माझी चूक निघाली तर उद्या सकाळी मनोऱ्यावर होज वाळवायला हजर होतो, या वयात. पण उघडण्याआधी मला एवढं सांगा, आणि अर्जावर नको, इथं, तोंडानं सांगा. नट फिरला नाही, रेघ तुटली नाही, झाकण हललं नाही. मग आतलं सगळं निर्दोष आहे, हे तुम्ही बघितलंत तरी कुठून?"