मोराची जांभळी मान

मित्रांनो, मी रेशमी दोऱ्यांचा एक जुना डबा आहे. एरंडोलच्या आबेदाअक्कांच्या घरी खिडकीखालच्या फळीवर माझी जागा आहे. त्यांचे पती इसाकभाई पत्र्याची कामं करायचे. लग्नानंतर त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. अक्कांचे दोरे एकमेकांत गुंतू नयेत म्हणून आत लहान लहान खण केले. इसाकभाई आता नाहीत. त्यांच्या हातोडीचे ठोके माझ्या झाकणावर अजून दिसतात.

अक्का भरतकाम करायच्या. टाके पुष्कळ जणी घालतात, पण रंग निवडावेत ते आबेदाअक्कांनीच, असं गावात म्हणायचे. कापड मांडीवर पसरून त्या माझ्यातल्या लड्या एकेक करून त्यावर ठेवायच्या. डाळिंबीशेजारी अबोली ठेवून बघायच्या, नाक मुरडायच्या, अबोली उचलून श्रीखंडी ठेवायच्या. कधी एका पाकळीसाठी सगळी सकाळ जायची. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

पुढे पुढे त्यांचं चुकू लागलं. निळा हवा असताना जांभळा उचलायच्या, गर्द हिरव्याच्या जागी काळा. त्यांना ते कळत नव्हतं. कळलं ते त्यांच्या सुनेला, रूहीला. पण ज्यांच्या रंगांचं सगळं गाव कौतुक करतं, त्या सासूला 'चुकलं' म्हणायचं कसं? अक्का दुसऱ्या कामासाठी उठल्या की ती गुपचूप लडी बदलून ठेवायची. काम बिनचूक व्हायचं, बायका वाखाणायच्या आणि अक्कांना वाटायचं, आपली नजर अजून शाबूत आहे. मी सगळं पाहत होतो. पण पत्र्याला वाचा कुठून असणार?

गेल्या हिवाळ्यात चोपड्याहून हेमलताताई आल्या. त्यांच्या आईने स्वतः भरलेला साडीचा पदर त्यांनी उलगडला. त्यावर एक मोर होता. त्याच्या मानेवरचं रेशीम झडून गेलं होतं, कडेला थोडे निळे टाके तेवढे उरले होते.

"आई आता नाही, अक्का," त्या म्हणाल्या. "मुलीच्या लग्नात तिला हीच साडी नेसवायची आहे. रंग आईचाच यायला हवा."

"येईल, ताई. काळजी करू नका."

त्याच सुमारास रूहीची आई आजारी पडली आणि रूही पहूरला माहेरी गेली. अक्कांनी एकटीनेच माझं झाकण उघडलं. लडी पदरावर ठेवली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा ठेवली. ती जांभळी होती. मित्रांनो, सुई त्या जुन्या कापडात शिरताना मी किती तळमळलो, ते कसं सांगू?

रूही परत आली त्याच दिवशी हेमलताताईही पदर न्यायला आल्या. त्यांनी घडी उघडली.

"बठ्ठं बरोबर शे ना, ताई?" अक्कांनी हसून अहिराणीत विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

"अक्का, मोराची मान जांभळी कशी?"

"जांभळी? निळी शे ती."

हेमलताताईंनी पदर उजेडात धरला. अक्कांचं हसू मावळलं. त्यांनी मला पुढे ओढलं, दोन लड्या काढून तळहातावर ठेवल्या. "यातला निळा कोणता, दाखवा बरं."

ताईंनी बोट ठेवलं. अक्का दोन्ही लड्यांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्यांना त्या सारख्याच दिसत होत्या.

दारात उभी असलेली रूही रडू लागली. "अम्मी, मी दोरे बदलून ठेवायचे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"आणि आता बरं वाटलं मला?" अक्का हळू आवाजात म्हणाल्या.

रूहीने टाके उसवायला घेतले, पण विरलेलं कापड दोऱ्याबरोबर फाटू लागलं. हेमलताताईंनी तिचा हात धरला. "राहू दे. आईचे टाकेही जातील." त्या रागावल्या नाहीत. पदर छातीशी धरून निघून गेल्या, त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

मला फळीवर ढकललं गेलं. पुढच्या पावसाळ्यात माझ्या कडांना गंज चढला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात गर्द सोडून बाकी रंग परत आले. उजव्या डोळ्यात काचबिंदूही निघाला. तो आधी कळला असता तर नजर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. त्या डोळ्याने अक्कांना आता काहीच दिसत नाही. हे ऐकल्यापासून रूही स्वतःलाच दोष देऊ लागली.

एका सकाळी अक्कांनी मला खाली घेतलं, गंज पुसला आणि रूहीला जवळ बसवलं.

"एका डोळ्याने माझं चुकणारच. चुकलं की लगेच सांगायचं. गप्प बसलीस, तर मी सुई हातात घेणार नाही."

त्यांनी एक लडी उचलली. रूहीने तिच्यावर बोट ठेवलं.

"अम्मी... तो काळा आहे. गर्द हिरवा शेजारच्या खणात आहे."

अक्कांनी लडी परत ठेवली आणि रूहीच्या डोक्यावरून हात फिरवला.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, असं मी म्हणणार नाही. डबा दुसरा मिळेल. तुमच्या घरातलं कुणी एखादा रंग चुकीचा ओळखू लागलं, तर हसू नका आणि लपवूही नका. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना खरं सांगा.