भट्टीत घातलेला लोहचुंबक

जिलानीला यातून काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकू. शिपायाची खाकी, आणि सासरवाडीत 'सरकारी आदमी' म्हणून खाटेवर बसायची जागा. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, जनावरांच्या दवाखान्याला माणसं हवी होती. दुष्काळात बैलाला नाल ठोकून घ्यायला कोण येतं? म्हणून औशाचा हा नालबंद चाऱ्याच्या छावणीत बसायचा आणि तारेत आवळून आलेल्या गवतातून लोहचुंबक फिरवायचा. तारेचे तुकडे, खिळे चिकटून यायचे. जनावराच्या पोटात गेले तर काळजाला टोचणारे.

लोहचुंबक शाळेचा, लिंबाजी मास्तरांनी वापरायला दिलेला. मास्तर तेरणेच्या कोरड्या पात्रातली वाळूही घेऊन आले होते.

"बघ, पितळ चिकटत न्हाई, तांबं न्हाई. पण वाळूतले हे काळे कण कसे मिशीवानी उभे राहिले! मॅग्नेटाइट म्हणतात. जमिनीतलाच लोहचुंबक. तुझी ही कांडी मात्र पोलादात कोबाल्ट घालून केलेली."

"म्हंजी लोखंडच की!"

मंगळवारी लातूरहून दवाखान्याचे साहेब येणार होते, माणसं निवडायला. सरळ कांडी त्यांच्या नजरेत काय भरणार? जिलानीला ती नालासारखी वळवायची होती.

"भट्टीत घालू नको," मास्तर म्हणाले. "लाल झाली की ओढ जाते."

"लोखंडाचं मला शिकवता व्हय, मास्तर? तुम्ही पोरं सांभाळा."

नाल झकास वळला. निवल्यावर जिलानीनं तो वाळूत धरला. एक कण हलला नाही. शाळा हाकेच्या अंतरावर होती. पण तिथं जायला आधी मान खाली घालावी लागते.

मंगळवारी साहेबांसमोर तोच मेलेला नाल त्यानं गवतातून ऐटीत फिरवला. सरजाबाई पाटी घेऊन उभी होती. तिची एकच म्हैस, तिच्याच दुधावर घर.

"आज काहीच निघालं न्हाई व्हय रे?"

साहेब बघत होते.

"न्हाई, मावशी. चारा साफ हाय. घाला."

"तुझा हात फिरला की मला घोर न्हाई बघ."

आठव्या दिवशी म्हैस बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी फाडून पाहिली. काळजात बोटभर तार होती. जिलानी तिथंच उभा होता, नेमणुकीचा कागद खिशात घालून. सरजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"तू तर बघून दिलं होतंस, बाबा. माझंच नशीब."

खरं बोलायला एवढी जागा पुन्हा मिळणार नव्हती. त्यानं खिशातला कागद आणखी आत सारला.

वाकलेली कांडी परत करायला गेला, तेव्हा मास्तरांनी ती उलटसुलट पाहिली. "शाळेत दुसरी हाय. तिच्यावर घासून हिच्यात पुन्हा ओढ भरता आली असती. दहा मिनिटांचं काम. यायचं होतंस."

साहेबांना छावणीबद्दल वरून शाबासकी मिळाली. जिलानीला खाकी मिळाली. ती घालून तो लातूरच्या स्टँडवर औशाहून आलेल्या बसकडे पाठ करून उभा राहायला शिकला, गावच्या कुणाशी नजर मिळू नये म्हणून. शाळेच्या कपाटात एक वाकडं लोखंड पडलं. किंमत भरली सरजाबाईनं, आणि भेटेल त्याला ती सांगत राहिली की जिलानी लई भला माणूस.