तळ्यापर्यंत नऊ मजले

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माझ्या नवऱ्याने घर घेतलं ते तळमजल्यावर. म्हणे, लिफ्टचा काय भरवसा. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र त्यांचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. आठ महिने हा माणूस फाटकाबाहेर पडला नाही. पुढच्या वर्षाचं काही बोललं की गप्प बसायचा, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटायची. लेकीने डोंगरावरच्या उद्यानाचे रविवारचे दोन पास पाठवले, तेव्हा मी ते मुकाट्याने त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवले.

उद्यानाच्या फाटकापासून वरच्या तळ्यापर्यंतची चढण त्यांनी नकाशावरून मोजली. "नऊ मजले भरते," म्हणाले. आमची इमारतही नऊ मजल्यांची. डॉक्टरांनी हळूहळू चढायला हरकत नाही म्हटलं, तसं ठरलं: रोज थोडं चढायचं, शनिवारपर्यंत नववा मजला गाठला तर जायचं, नाहीतर पास परत. त्यानंतर उद्यान थंडीसाठी बंदच होणार होतं.

वर जायचं पायांनी, खाली यायचं लिफ्टने. येताना हे लिफ्टच्या भिंतीला कान लावून उभे. जित्याची खोड, दुसरं काय. शुक्रवारी म्हणाले, "दोर कुरकुरतोय," आणि घरात पाऊल टाकायच्या आधी कंपनीला फोन लावून तक्रार नोंदवली.

शनिवारी सकाळी आम्ही नववा मजला गाठला. दम लागला तो मला, हे हसत होते. लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती: दोराचं काम चालू, संध्याकाळपर्यंत बंद.

"घ्या," मी म्हटलं, "मारून घेतलात ना आपल्याच पायावर धोंडा?"

सातव्या मजल्यापर्यंत त्यांचं हसू टिकलं. सहाव्यावर मांड्या लटलटायला लागल्या आणि ते पायरीवर बसले.

"छातीत काही होतंय?"

"नाही गं, पाय ऐकत नाहीत. उतरायचा सराव केलाच नाही आपण. डोंगरावर कुठली लिफ्ट? पास परत कर."

मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. वहीत मी सगळं लिहून ठेवलं होतं: निघायचं सातला, फाटक नऊला, तळं अकराला. त्यापुढे पान कोरं. परत यायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"बसा निवांत," मी शेजारी टेकत म्हटलं. "आपल्याला कोणती गाडी गाठायचीय?"

मग कठडा धरून एक मजला उतरायचं, बसायचं, पुन्हा एक मजला. मधेच भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज आला. यांनी कान दिला. "गडी काम नीट करतोय," म्हणाले आणि आपणहून उठले.

घरात आल्यावर पाणीही न पिता त्यांनी घड्याळ पाहिलं, वही ओढली आणि माझ्या अक्षराखाली लिहिलं: उतरायला चाळीस मिनिटं, डोंगरात दुप्पट धरणे. फाटक पाचला बंद. तळ्यावरून दोनला निघणे. काठ्या दोन.

"दोन कशाला? मी धडधाकट आहे."

"उद्या नाही लागली तर राहू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तळ्याच्या वरच्या कड्यावर जाऊ, तेव्हा लागेल तुला."

मला रडूच आलं. ते पाहतील म्हणून मी पिशवी घेतली आणि काठ्या आणायला बाजारात गेले.