पांढरी पडलेली बुरशी

नळ्या टेबलावर मांडल्या तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती. अठरा नळ्या आणि प्रत्येकीत कापसासारखी पांढरीशुभ्र बुरशी. चष्मीने एक नळी उजेडात धरली आणि विचारलं, "काका, हिरवी कुठे गेली?"

चष्मी ही माझ्या बायकोची साहाय्यक. हे नाव बायकोनेच ठेवलेलं. आता ती प्रयोगशाळेची प्रमुख आहे, तरी माझ्या तोंडात तेच येतं. बायको या कृषी संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती आणि मी केंद्राची गाडी चालवायचो. आमचं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले, चला, मॅडमच्या ड्रायव्हरची सोय झाली.

ही बुरशी सापडली तेव्हा मी बरोबर होतो. एका शेताच्या कडेला तिने गाडी थांबवायला लावली. पानाखाली एक मेलेली अळी, कडक, अंगावर हिरवी भुकटी. बुरशी कातडीतून आत शिरते, अळीला आतून खाते आणि ती मेली की बाहेर हिरवी फुटते. बायकोला वाटायचं, ही शेतात सोडता आली तर विषारी फवारे निम्म्यावर येतील. तिने बारा वर्षं यात घातली. मग ती आजारी पडली, केंद्राने काम बंद केलं आणि नळ्या टाकून द्यायच्या सामानात गेल्या. मी त्या घरी आणल्या. आता केंद्राला ती बुरशी पुन्हा हवी होती, म्हणून परत घेऊन आलो होतो.

दवाखान्यात तिने मला सगळं शिकवलं. "दर महिन्याला नव्या नळीत घाल. सुई दिव्यावर लाल कर, गार होऊ दे, मग उचल. आणि दर चार महिन्यांनी अळ्यांवर सोड. मेलेल्या अळीवरून परत घे, नाहीतर ती मारायचं विसरते."

"बुरशी कशी विसरेल?"

"तू दूध आणायला विसरतोस तशी."

महिन्याचं काम मी तीन वर्षांत एकदाही चुकवलं नाही. अळ्यांचं फक्त एकदा केलं, ती गेल्यावर दोन महिन्यांनी. पाचव्या दिवशी अळ्यांनी खाणं सोडलं. सातव्या दिवशी एकीला काडीने हलवलं, तर तिने फक्त डोकं थोडं वळवलं. मला पुढे बघवेना. डबा तसाच कचऱ्यात टाकला. त्यानंतर ते केलंच नाही. नळ्यांतल्या बटाट्याच्या जेलीवर बुरशी वाढत होतीच की. पांढरी आणि भरघोस होत गेली तसं मला वाटलं, बाळसं धरतेय.

हे सगळं मी चष्मीला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आयतं खाऊन लाडावलीय."

"घरजावयासारखी," मी म्हणालो. दोघंही हसलो नाही.

"एक मार्ग आहे, काका. यातल्या एका नळीने जरी एक अळी मारली, तरी त्या अळीवरून पुन्हा ताकदीची बुरशी काढता येईल. पण एक तरी मेली पाहिजे."

केंद्राच्या साहेबांनी तीन आठवडे दिले. नाही जमलं तर बुरशीची केंद्रातली नोंद रद्द आणि नळ्या नष्ट. जुन्या औषधांना कीड दाद देत नव्हती, म्हणून तेवढे तरी मिळाले.

अठरा नळ्यांचे अठरा डबे, प्रत्येकात त्या त्या नळीतली बुरशी लावलेल्या वीस अळ्या. मी रोज सकाळी जायचो. ताजी पानं घालायची, विष्ठा काढायची, मोजायचं. झाकण उघडताना मनात म्हणायचो, मर. दवाखान्यात सहा महिने याच्या उलट म्हणत होतो. तेही कोणी ऐकलं नव्हतं. अळ्या खात होत्या, जाड होत होत्या.

बाराव्या दिवशी अकराव्या डब्यात एक मेली. मी चष्मीला अशी हाक मारली की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. तिने अळी चिमट्याने उचलून ओल्या कागदावर ठेवली. "हिरवी फुटली तर मॅडमची," ती म्हणाली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दोन दिवसांनी अळी काळी पडली, लिबलिबीत झाली. झाकण काढल्यावर घाण वास आला.

"सडली, काका. दुसऱ्याच कुठल्या जंतूने मेली. आपल्या बुरशीने मेली असती तर कडक राहिली असती."

"नीट बघ ना."

"दोनदा बघितलं."

बाकीच्या सगळ्यांनी कोष केले. एकविसाव्या दिवशी डब्यांत पतंग फडफडत होते.

चष्मीने नळ्या नष्ट करायला वाफेच्या भांड्यात रचल्या. मी म्हणालो, "तिने मला सांगितलं होतं गं. मीच केलं नाही."

"मलाही सांगितलं होतं, काका. म्हणाल्या होत्या, मध्ये मध्ये त्याच्याकडे जाऊन बघत जा. तीन वर्षांत मी एकदाही आले नाही."

तिने विचारलं, एखादी नळी घरी नेता का. मी नको म्हणालो. तिने झाकण आवळलं. अर्ध्या तासाने उघडलं तेव्हा जेली वितळून बुरशी तिच्यात मिसळली होती आणि चिठ्ठ्यांवरचं माझं अक्षर वाफेने फुटलं होतं. चष्मीने रबरी हातमोजे घातले आणि एकेक नळी बादलीत ओतायला लागली. मी तिला नळ्या हातात देत गेलो.