वांगीभाताखाली चेपलेलं शहर

मित्रांनो, मी टेबल टेनिसचं टेबल. वय तसं फार नाही, पण न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवे गावात एका रस्त्याकडेला उभा आहे आणि अंगावर ‘फ्री’ असा कागद चिकटवला आहे, म्हणजे आता मला जुनाच म्हणायचं. कुणी उचलून नेईपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात माझी हकीकत ऐका.

भुसा आणि डिंक दाबून कारखान्यात माझी फळी तयार झाली. मग हिरवा रंग, पांढऱ्या रेघा आणि खाली चाकं. २००३ साली शशिकांत नावाच्या नागपूरच्या इंजिनियरने मला घरी आणलं. जोडताना एक बोल्ट उरला. तो कुठला, हे त्याला आजवर कळलेलं नाही, आणि मीही कधी डुगडुगलो नाही.

बेसमेंटमध्ये महिनाभर माझ्यावर खेळ झाला. पुढे मराठी घरातल्या मोठ्या टेबलाचं जे होतं तेच माझं झालं. पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की जाळी काढायची, चादर अंथरायची आणि ट्रे मांडायचे. माझ्यावर चेंडू कमी पडले, श्रीखंड जास्त. “केवढं मोठं टेबल आहे गं!” असं सगळ्या बायका म्हणायच्या. खेळासाठी नसलं तरी कौतुक ते कौतुक, मी खूश असायचो.

शशिकांतची बायको शुभा शहरांची आखणी करणाऱ्या एका छोट्या संस्थेत होती. २००५ साली तिच्याकडे एक मोठं काम आलं. पश्चिम आफ्रिकेतल्या एकाच किनाऱ्यावरचे दोन देश. दोघांच्याही मोठ्या शहरात बंदराला लागून दाटीवाटीची वस्ती, आणि दोघांनाही तिथून रस्ता काढायचा होता. माणसांचं काय करायचं, हे दोन्ही सरकारं मिळून ठरवणार होती. न्यूयॉर्कला बैठक होती आणि त्या बैठकीसाठी दोन्ही शहरांना लागू पडेल असा एकच नमुना शुभाने करायचा होता.

ऑफिसात एवढी जागा नव्हती, म्हणून ते शहर माझ्या अंगावर उभं राहिलं. एका बाजूला बंदर आणि रुंद रस्ता. एरवी जाळी असते त्याच्या पलीकडच्या बाजूला, शहराबाहेर, थर्माकोलच्या बुटक्या इमारती. वस्तीतली माणसं उचलून तिकडे न्यायची, असा बेत. शुभाला तो पटला नव्हता.

“अरे, त्यांचं पोट बंदरावर आहे. एवढ्या लांबून ते रोज कसे येणार?” ती म्हणायची.

“मग सांग ना तसं तुझ्या बॉसला,” शशिकांत म्हणायचा.

“सांगितलं. ते म्हणाले, डिझाइन फायनल आहे.”

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही देशांचे अधिकारी जेवायला आले. परदेशातून आलेला पाहुणा हॉटेलात जेवतो हे शशिकांतला सहन होत नाही. एका देशाच्या श्रीमती बोआतेंग, उंच आणि मोठ्याने हसणाऱ्या. दुसऱ्या देशाचे श्री. होंसू, कमी बोलणारे. होंसूंना इमारती हव्या होत्या, बोआतेंगबाईंना नको होत्या. दोघांचं एकमत झालं नाही तर संस्थेचाच नमुना मंजूर होणार आणि दोन्ही वस्त्या उठणार, हे शुभाला ठाऊक होतं.

धूळ बसू नये म्हणून तिने नमुन्यावर चादर टाकली होती. पाहुणे वर सरबत पीत होते. तेवढ्यात मदतीला आलेल्या मराठी मंडळाच्या सरलाकाकू ओव्हनमधून नुकताच काढलेला वांगीभाताचा ट्रे घेऊन थेट खाली आल्या. पॉटलकची चादर दिसली, ट्रे ठेवला. थर्माकोल मऊ झाला, बसला, चिकटला. मला तो वास अजून आठवतो.

शुभा धावत आली. “काकू! उद्या मीटिंग आहे!”

“अगं बाई, मला वाटलं, गरम ट्रेसाठी चादरीखाली वाट्या पालथ्या घातल्यात!”

शुभाला रडूच कोसळलं. पाहुणेही खाली आले. ट्रे बाजूला झाल्यावर होंसूंनी चादर उचलली आणि वाकून चेपलेल्या इमारती पाहिल्या. ते इंग्रजीत बोलत होते, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“आता ही माणसं राहणार कुठे?” ते म्हणाले.

“आत्ता राहतात तिथेच,” बोआतेंगबाई म्हणाल्या. त्यांनी बाजूच्या चळतीतल्या चार स्टीलच्या वाट्या घेतल्या आणि बंदराच्या रस्त्यावरच पालथ्या घातल्या. “ही चार घरं. मधे अंगण.”

होंसूंनी मान हलवली. “असं नसतं. दारं अंगणाकडे लागतात. स्वयंपाक बाहेर होतो, पोरांवर सगळ्यांची नजर असते.” त्यांनी एक वाटी सरकवली. मग आणखी एक घेतली. “माझ्या आईचं घर इथे आहे. नळ एकच, आणि रोज भांडण.”

“मग आधी नळ द्या ना, होंसू! इमारती कशाला देता?”

होंसूंनी रस्त्याची पुठ्ठ्याची पट्टी स्वतः उचलली आणि वस्तीला वळसा घालून ठेवली. शुभाने डोळे पुसले आणि कॅमेरा आणला.

“अहो, सगळ्या वाट्या घेतल्यात, आता आमटी कशात वाढू?” सरलाकाकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत शुभाने वाट्यांचे फोटो दाखवले. बॉस चिडले, पण दोन्ही अधिकारी एका बाजूने बोलत होते. ठरलं असं : वस्ती जागेवरच राहील, नळ आणि गटारं आधी होतील, घरांचे कागद राहणाऱ्यांच्या नावे होतील. आणि दर वर्षी एका देशाची माणसं दुसऱ्या देशातली वस्ती पाहायला जातील. हे शेवटचं कलम मला तेव्हा फालतू वाटलं होतं.

२००७ मध्ये बोआतेंगबाईंचा फोन आला. शुभा माझ्यावर कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकलेलं मोठ्याने परत म्हणत होती. होंसूंच्या देशात नवे मंत्री आले होते आणि त्यांनी वस्तीत बुलडोझर घातला होता. अर्धी घरं गेली. उरलेली वाचली ती एवढ्याचसाठी, की पाहणीला शेजारच्या सरकारची माणसं त्याच आठवड्यात यायची होती आणि पाहुण्यांसमोर ते बरं दिसलं नसतं.

“आणि होंसूंच्या आईचं घर?” शुभाने विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ती एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली. मला फार वाईट वाटलं.

यंदा शशिकांतला दूर पश्चिमेकडच्या चँडलर शहरात नोकरी लागली. “टेबल कुठे ड्रॅग करणार तिकडे? फ्री लिहून बाहेर ठेवू,” तो म्हणाला, आणि मी बाहेर आलो. त्याच्यावर माझा राग नाही, पण मित्रांनो, एक सांगतो. वापरात असलेली वस्तू हलवण्याआधी दोनदा विचार करा, आणि नांदती माणसं हलवायची असतील तर आधी त्यांनाच विचारा. शशिकांतने मला विचारलं असतं तरी माझं उत्तर त्याला ऐकू गेलं नसतं. वस्तीतल्या माणसांचं उत्तर मात्र ऐकू जातं.