बुरुजातली तिसरी खिडकी

म्हातारीने तोंडातली शेवटची टाचणी काढून झग्याच्या कमरेला टोचली आणि नवरीला म्हणाली, "श्वास घे बघू. आता सोड. जेवायचंय ना आज, की नुसतेच फोटो काढायचेत?"

नवरी हसली. बुरुजातल्या या गोल खोलीत हॉटेलवाल्यांनी जाड गालिचा टाकला होता, माणसाएवढा आरसा लावला होता. दाराशी उभा असलेला मॅनेजर पाहुण्यांना रोज सांगायचा तेच सांगत होता.

"सहाशे वर्षांपूर्वी इथे पहारेकरी असायचे. समोरच्या डोंगरावर जाळ पेटला की शत्रू आला म्हणून समजायचं. खिडकी त्यासाठीच वर तिरकी कोरलीय."

"आणि नंतर काय होतं इथे?" नवरीने विचारलं.

"नंतर... बरीच वर्षं सरकारी कामासाठी वापर झाला."

म्हातारीने दाताने दोरा तोडला. "झालं गं. जा आता."

ती दोघं जिना उतरून गेली. म्हातारी मात्र सुईत दोरा ओवून तशीच बसून राहिली. फाटकाकडून मोजत तिसरी खिडकी. हीच.

त्या सरकारी कामात तिचा नवरा या खोलीत कोंडलेला होता. अंगणातल्या विहिरीवर पाणी भरायला बायकांना मुभा होती. पण थांबायचं नाही, हाक मारायची नाही, मान वर करायची नाही. केली तर आतल्या माणसाचं जेवण बंद. म्हणून ती दर रविवारी डोक्याला पिवळाधमक रुमाल बांधून खाली मान घालून जायची. पोटात पोर होतं तेव्हा पोट वरून दिसावं म्हणून मुद्दाम अंग तिरकं करून चालली. लेक झाल्यावर तिला खांद्यावर उंच धरून चालली. मध्येच रडू नये म्हणून तिच्या तोंडात साखर बांधलेली चिंधी द्यायची. पुढच्या हिवाळ्यात तो आतच वारला. एवढंच एक उरलं होतं, की त्याने लेकीला पाहिलं. लेकही लहानपणापासून भेटेल त्याला सांगायची, "बाबांनी मला वरून पाहिलं होतं."

आज लेक खाली विहिरीपाशी इस्त्री सांभाळत बसली होती. "माझे गुडघे तुझ्याहून म्हातारे झालेत, तूच चढ," म्हणाली होती.

म्हातारी उठली. खिडकीपाशी गेली. कापलेल्या गजांची थोटकं दगडात तशीच होती. भिंत इतकी जाड, की खांद्यापर्यंत हात घातला तरी बोटं बाहेरच्या कडेला लागेनात. तिने वाकून पाहिलं. डोंगराचा माथा आणि राखेच्या रंगाचं आभाळ. स्टूल ओढून त्यावर चढली, टाचा उचलल्या. डोंगराचा माथा आणि आभाळ.

अंगण नव्हतं. विहीर नव्हती.

ती स्टुलावरून उतरली. आरशासमोरून जाताना तिने आरशात पाहिलं नाही.

"आई! ए आई!"

लेकीचा आवाज खिडकीतून असा स्वच्छ आला, की म्हातारीने दचकून मागे पाहिलं.

"अगं, नवरी कधीची खाली आली. तू काय करतेयस वर? खिडकीपाशी आहेस का?"

"आहे."

"मी तिथेच उभी आहे, तू चालायचीस तिथे. दिसते का गं मी?"

म्हातारीने भिंतीला हात टेकला. दगड गार होता.

"दिसतेस की."

"खोटं! मी आता एक हात वर केलाय. सांग बघू कुठला?"

 लेक शिवायला शिकली तेव्हा तिच्यासाठी शोधून शोधून उलट्या हाताची कात्री आणावी लागली होती.

"डावा," ती म्हणाली.

खालून लेक लहान पोरीसारखी खदखदून हसली. ते हसू भिंतीच्या जाडीतून जसंच्या तसं वर आलं, खोलीभर झालं. म्हातारी दगडाला कान लावून ते संपेपर्यंत ऐकत राहिली.