ओल्या रंगाचा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. आता बाक होऊन आडवा पडलोय, पण एके काळी ऑस्ट्रेलियातल्या टुलारा गावाच्या मैदानावर ताठ उभा होतो.

मूळचा मी डोंगरातलं निलगिरीचं झाड. मला तोडलं विल्फ पेंगेलीने. तो लाकूडतोड्या होता आणि शनिवारी गावासाठी फुटबॉल खेळायचा. ज्याने घाव घातला त्याचेच मी उपकार मानतो, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण त्याने मला फळ्या कापायला गिरणीत धाडलं नाही. सरळसोट आहे म्हणून बैलगाडीतून मैदानावर आणलं, स्वतः तासलं, स्वतः खड्डा खणून उभं केलं. दर हिवाळ्यात मला पांढरा रंगही तोच द्यायचा.

आमच्याकडचा फुटबॉल हाताने झेलतात आणि लाथेने उडवतात. झेलताना दुसऱ्याच्या खांद्यावरही चढतात! आम्हा दोन खांबांमधून चेंडू गेला की गोल, म्हणजे सहा गुण, खांबाला नुसता चाटून गेला तर एकच. सामन्यात संघ सारख्या बाजू बदलतात, त्यामुळे विल्फची निम्मीच कारकीर्द मी पाहिली. बाकीची आरोळ्यांवरून ओळखली. त्याचं नाक मोडलं तेही पलीकडेच, माझ्याकडे आला तेव्हा ते वाकडं झालेलं होतं.

गोल त्याने शेकड्यांनी केले, पण टुलाराला कप काही मिळाला नाही. विल्फचा गुडघा पार गेला, तेव्हा कुठे शेवटची संधी आली. बर्राबी गावाविरुद्ध अंतिम सामना, तोही आमच्या मैदानावर! आनंदाच्या भरात त्याने सकाळीच मला रंगवलं. थंडी अशी, की रंग वाळेचना.

आम्ही दोन गुणांनी मागे असताना विल्फने चेंडू झेलला आणि सामना संपल्याची घंटा झाली. झेल घेतलेल्याला घंटेनंतरही लाथ मारता येते. त्याने मारली. चेंडू उंच आला आणि मला चाटून गेला.

कुणाला कळलंच नाही. गोलपंच पर्सीच्या डोळ्यांवर ऊन होतं. गाव ओरडत मैदानात घुसलं. पर्सी दोन निशाणं उचलून गोल देणार, तोच कुंपणाला आपटून परत आलेला चेंडू विल्फच्या हाती लागला. चेंडूवर ओला पांढरा पट्टा होता. जर्सीला एकदा पुसला असता तर कप आमचा. मी मनात म्हणत होतो, पूस रे, पूस!

“पर्सी, खांबाला लागलाय,” विल्फ म्हणाला.

“वेड लागलंय का तुला? कुणी बघितलं नाही!”

“मी बघितलं ना आता.”

पर्सीने एकच निशाण हलवलं. आम्ही एका गुणाने हरलो.

बर्राबीचा कप्तान मिक डूलन याने विल्फला खांद्यावर उचलून घेतलं. “गाढवा, पुसायचास की! मी तर जिभेने चाटला असता!”

गाव मात्र रुसलं. बेकरीवाला पाव द्यायचा, बोलायचा नाही. “गावाला शिव्या घालायला कुणीतरी लागतंच,” विल्फची बायको एडी त्याला म्हणाली, “यंदा तुझी पाळी.” मला वाटलं, आता हा कुऱ्हाड घेऊन येणार. पुढच्या हिवाळ्यात तो आला, रंगाचा डबा घेऊन. तेव्हा मला किती बरं वाटलं, कसं सांगू?

पुढे लोखंडी खांब आले आणि मी गवतात पडलो. सरपणाला न्यायचं ठरलं, तेव्हा मिक गाडी घेऊन हजर.

“हा आमचा. कप आम्हाला यानेच दिला.”

“माझा आहे. तोडलाय कुणी?” विल्फ म्हणाला.

चहा गार होईपर्यंत दोघे भांडले. शेवटी मैदानाच्या कडेला माझा बाक झाला. दर शनिवारी दोघे म्हातारे माझ्यावर बसून भांडतात.

यंदाच्या पहिल्या सामन्याला मिक नवी तपकिरी पँट घालून आला आणि धपकन बसला. मध्यंतरात उठला, तर मागे पांढरा पट्टा! विल्फने एक बोट वर केलं.

“लागला खांबाला! एकच गुण!”

सगळं मैदान हसलं. बेकरीवाला सर्वांत मोठ्याने.

मित्रांनो, जुन्या बाकावर बसण्याआधी हात लावून बघा. बोटाला रंग लागला तर रागावू नका. सकाळीच कुणीतरी येऊन गेलंय.